मेंदूच्या डॉक्टरांना पोटाचंही सांगा

मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलेला माणूस हाताची थरथर सांगतो, चाल मंदावल्याचं सांगतो, सही बारीक होत चालल्याचं सांगतो. चार चार दिवस शौचाला होत नाही, हे मात्र सांगत नाही. लाज वाटते, आणि 'ते पोटाचं, त्याचा इथे काय संबंध' असंही वाटतं. पोटाच्या डॉक्टरांसमोर बसल्यावर पायांना येणाऱ्या मुंग्यांचा विषय निघत नाही. दोघाही डॉक्टरांना अर्धंच कळतं आणि उपचारही अर्धवट होतो. माझी कळकळीची विनंती आहे, की यापुढे पोट आणि मेंदू या दोन गोष्टी वेगवेगळ्या फायलींत ठेवू नका. पोटाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे हाल वाढलेले किती तरी रुग्ण आपल्या आसपास आहेत, आणि त्यातले बरेचसे हाल टाळता येण्यासारखे आहेत.

कंपवाताचंच घ्या, ज्याला आता सगळे पार्किन्सन्स म्हणतात. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी 1817 साली या आजाराचं वर्णन लिहिलं, त्यातच रुग्णांच्या बद्धकोष्ठाचा उल्लेख आहे. तरी त्यानंतर कितीतरी वर्षं सगळ्यांचं लक्ष थरथरीवरच राहिलं. हवाई बेटांवरच्या जपानी वंशाच्या जवळपास 7,000 पुरुषांवर अनेक वर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. ज्यांना दिवसातून एकदाही शौचाला होत नव्हतं, त्यांच्यात पुढे कंपवात होण्याचं प्रमाण रोज एकदा होणाऱ्यांच्या अडीच पटींहून जास्त निघालं. मग 2003 साली हायको ब्राक या जर्मन शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली. कंपवातात मेंदूच्या पेशींमध्ये अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होतात. तशाच गुठळ्या आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंमध्येही सापडतात. पोटापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या व्हेगस या लांबलचक मज्जातंतूच्या वाटेने हा बिघाड वर चढत असावा, असं ब्राक यांचं म्हणणं होतं. सगळ्याच रुग्णांना ते लागू पडत नाही, काहींमध्ये सुरुवात मेंदूतच होते असं दिसतं. पण थरथर सुरू होण्याच्या दहा-दहा, वीस-वीस वर्षं आधीपासून बद्धकोष्ठ असू शकतं, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही.

हे वाचून घाबरून जाऊ नका. हवाईच्या त्या जवळपास 7,000 पुरुषांपैकी कंपवात झाला तो शंभराहूनही कमी जणांना. म्हणजे बद्धकोष्ठ असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. मात्र पन्नाशी-साठीनंतर बद्धकोष्ठ नव्याने जडलं असेल, जोडीला फोडणीचा वास येईनासा झाला असेल, झोपेत ओरडणं आणि हातपाय झाडणं सुरू झालं असेल, चालताना एक हात हलत नसेल, तर या गोष्टी सुट्या सुट्या न धरता एकत्र सांगा. आणि शौचावाटे रक्त जात असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर आधी पोटाची तपासणी करून घ्या. तिथे मेंदूचा विचार करत वेळ घालवू नका.

ज्या घरात कंपवाताचा रुग्ण आहे, त्या घरासाठी पोटाचा प्रश्न रोजचा आहे. या आजाराचं मुख्य औषध लेव्होडोपा. ही गोळी लहान आतड्यातून रक्तात शिरते आणि मग मेंदूत पोचते. कंपवातात जठरही मंदावतं. गोळी तिथेच अडकून पडली, की तिचा परिणाम उशिरा येतो किंवा येतच नाही, आणि घरच्यांना वाटतं की आजार वाढला. शिवाय आपण खाल्लेली प्रथिनं पचून जी अमिनो आम्लं तयार होतात, त्यांची आणि लेव्होडोपाची रक्तात शिरण्याची आणि पुढे मेंदूत शिरण्याची वाट एकच आहे. एसटीच्या दारात गर्दी झाली की मागचा माणूस फलाटावरच राहतो, तसं भरपेट वरण, पनीर किंवा मटण जेवून लगेच घेतलेल्या गोळीचं होतं. आतड्यातले जिवाणूही यात हात घालतात. 2019 साली हार्वर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की आतड्यात राहणारा एक नेहमीचा जिवाणू लेव्होडोपाचं रूपांतर आतड्यातच करून टाकतो, म्हणजे तेवढं औषध मेंदूपर्यंत जातच नाही.

म्हणून ही गोळी साधारणपणे जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने घेतलेली बरी. सुरुवातीला रिकाम्या पोटी मळमळत असेल तर तिच्याबरोबर एखादं बिस्कीट किंवा थोडे कुरमुरे चालतात, दुधाचा पेला नको. लोहाची गोळी चालू असेल तर ती लेव्होडोपाच्या जवळपास घेऊ नका, लोह या औषधाला बांधून ठेवतं. गोळीचा परिणाम दिवसभरात मध्येच ओसरत असेल, तर डॉक्टरांशी बोलून प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात हलवता येतो. सकाळी-दुपारी भाकरी-भाजी, रात्री डाळ-उसळ किंवा मासे. पण कृपा करून प्रथिनं बंद करू नका. 'डाळीने औषध लागत नाही' एवढंच अर्धवट ऐकून म्हाताऱ्या माणसाची डाळ, दूध, अंडी तोडणारी घरं आहेत. कंपवातात आधीच वजन उतरतं, स्नायू झिजतात. असा उपास घडलेला माणूस पडतो आणि मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळतो.

बद्धकोष्ठासाठी आपल्या स्वयंपाकघरात पुष्कळ आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, सालीसकट मूग, पेरू, पपई, रात्री भिजवलेले मनुके. मात्र चोथा वाढवला आणि पाणी वाढवलं नाही तर उलटं होतं, पोट दगडासारखं होतं. वयस्क माणसं रात्री उठावं लागतं म्हणून पाणी पीत नाहीत, बाया बाहेर स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून पीत नाहीत. तर मग संध्याकाळपर्यंतच भरपूर पाणी, ताक, सार, कढी जाऊ द्या आणि रात्री कमी करा. इसबगोल घ्यायचा तर मोठ्या पेल्यातून पातळ करून, औषधाच्या गोळीपासून दोन तास लांब. गिळायला त्रास होत असेल तर इसबगोल नकोच, तो घशात अडकू शकतो. सकाळच्या चहानंतर आतडी आपसूक हलतात, त्या वेळी घाई न करता बसायची सवय लावा. कमोडवर बसताना पायाखाली एक पाट ठेवा, गुडघे वर आले की जोर कमी लागतो. एवढं करूनही तीन दिवस होत नसेल तर डॉक्टरांकडून रेचक घ्यायला लाजू नका. कंपवातात ते पुष्कळदा रोजच लागतं, आणि त्यात काही वाईट नाही.

आता मला सगळ्यांत जास्त काळजी ज्याची वाटते, ते सांगते. आपल्याकडे 'गॅसची गोळी' म्हणून जी औषधं सर्रास घेतली जातात, त्यातल्या काहींमध्ये आम्लपित्ताच्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड नावाचं दुसरं औषध असतं. ते मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे कंपवातात कमी पडणाऱ्या आणि लेव्होडोपातून भरून निघणाऱ्या रसायनाच्या, कामात अडथळा आणतं. महिनोन्‌महिने घेतलं, विशेषतः उतारवयात, तर थरथर, ताठरपणा, चेहरा निर्विकार होणं, तोंडाची चाळवाचाळव असा कंपवातासारखाच त्रास सुरू होऊ शकतो. उलटीवर दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड आणि चक्कर येते म्हणून वर्षानुवर्षं चालू राहिलेलं सिनॅरिझिन किंवा फ्लुनॅरिझिन यांचंही तेच. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा पुन्हा गोळ्या आणणं ही आपली सवय यात घात करते. ज्याला खरा कंपवात आहे, त्याची तर दुहेरी कोंडी होते. एका गोळीने डोपामिन वाढवायचं आणि दुसरीने अडवायचं. वेळेवर लक्षात आलं तर डॉक्टर हे औषध थांबवतात आणि बहुतेकांची थरथर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होते. तेव्हा पुढच्या वेळी मेंदूच्या डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. आम्लपित्ताची, उलटीची, चक्करेची, वैद्यांची, शेजारणीने दिलेली, सगळी. कुठलीही गोळी मनाने बंद करू नका, पण कुठलीही लपवूही नका.

आम्लपित्तावरून आठवलं ते बी-12 जीवनसत्त्व. हे वनस्पतींत जवळजवळ नसतंच. ते मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून, आणि ते शोषलं जायला जठरातलं आम्ल लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या सुमारे दोन तृतीयांश पुरुषांमध्ये बी-12 कमी आढळलं. त्यात गावातले होते, झोपडपट्टीतले होते आणि मध्यमवर्गीयही. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर कमतरता आणखी वाढते. पायांना मुंग्या, अंधारात चालताना तोल जाणं, विसरायला होणं, चिडचिड, ही सगळी याची लक्षणं असू शकतात. 'वय झालं' म्हणून सोडून दिलेला विसराळूपणा कधी कधी इंजेक्शनांनी सुधारतो. मात्र फार उशीर केला तर मज्जातंतूंची झालेली हानी पूर्ण भरून येत नाही. शाकाहारी असाल, साठी उलटली असेल किंवा वरच्या दोन्हींपैकी एखादी गोळी चालू असेल, तर रक्ततपासणी करून घ्या. साधी तपासणी आहे आणि उपचार स्वस्त आहे.

आतडी आणि मेंदू यांचं नातं उघड झाल्यापासून त्यावर बाजारही उभा राहिला आहे. 'आतडी शुद्ध करा, पार्किन्सन्स पळवा', 'हे चूर्ण घ्या, अल्झायमर थांबवा', असे दावे फोनवर येत असतात. त्यांना भुलू नका. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचे प्रयोगसुद्धा झाले आहेत. 2024 साली बेल्जियममधल्या चाचणीत कंपवाताच्या रुग्णांना थोडा फायदा दिसला, तर त्याच वर्षी फिनलंडमधल्या चाचणीत काहीच फरक दिसला नाही. शास्त्रज्ञच अजून चाचपडत आहेत, तिथे डबाबंद भुकटी विकणाऱ्याला उत्तर सापडलेलं नाही. खाजकुयलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतो. पण म्हणूनच ती पूड गोळीच्या जोडीला स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं आहे, कारण किती औषध पोटात गेलं याचा हिशेबच राहत नाही. घरचं ताजं दही, भाकरी, भाजी, डाळ, फळं, कमी मीठ, रोजचं चालणं यांनी कंपवात बरा होतो असं मी म्हणणार नाही. त्यांनी पोट हलकं राहतं, औषध लागतं, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते, पक्षाघाताचा धोका कमी होतो. हे खूप आहे.

स्वच्छतेबद्दलही तितकंच बोलायला हवं. कच्च्या पालेभाज्यांवरून किंवा न धुतलेल्या हातांवरून पट्टकृमीची अंडी पोटात जातात आणि त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात. आपल्या देशात आकडी येण्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि जन्मात मांस न खाल्लेल्यालाही ते होतं. कोथिंबीर, मुळा, काकडी वाहत्या पाण्याखाली नीट धुतल्याशिवाय ताटात घेऊ नका.

आणि जानेवारी 2025 मधलं पुणे विसरू नका. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात आणि आसपास काही आठवड्यांत गीयाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, 200हून अधिक संशयित रुग्ण समोर आले. एरवी क्वचित दिसणारा आजार. काहींचा जीव गेला, कित्येक जण व्हेंटिलेटरवर होते. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय दूषित पाण्यावर गेला. या जिवाणूच्या पृष्ठभागावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जिवाणूशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं आणि तीच चुकून स्वतःच्या मज्जातंतूंवर तुटून पडतात. कॅम्पिलोबॅक्टरने जुलाब झालेल्या हजारातल्या साधारण एकालाच असं होतं. पण पाणी दूषित असेल तर जुलाब होणारेही हजारोंनी असतात. टँकरचं, विहिरीचं, साठवलेलं पाणी खळखळून उकळून प्या. चिकन आतपर्यंत शिजवा, कच्च्या चिकनची सुरी आणि पाट कोशिंबिरीला वापरू नका. आणि घरात कुणाला जुलाब होऊन गेल्यावर एक-तीन आठवड्यांत पायांत मुंग्या येऊ लागल्या, जिना चढता येईना, उठताना हाताचा आधार लागू लागला, अशक्तपणा पायांकडून वर सरकू लागला, तर 'जुलाबाने थकवा आलाय' म्हणून इलेक्ट्रॉल पाजत बसू नका. त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्या, आणि दारातल्या डॉक्टरांना पायांच्या आधी जुलाबाचं सांगा. वेळेत उपचार सुरू झाले तर बहुतेक जण पुन्हा आपल्या पायांवर चालतात. श्वास लागायला लागल्यावर मात्र सकाळची वाट पाहायला वेळ उरत नाही.