सोनकी, खुरासणी आणि वरईचे शेत

भाद्रपद सरत येतो तसे पेठ तालुक्यातील डोंगर पिवळे दिसू लागतात. सावळघाटातून जाणारा प्रवासी त्या साऱ्या पिवळेपणाला एकच नाव देऊन मोकळा होतो. वस्तुतः उतारावरचा पिवळा रंग बहुधा सोनकीचा असतो आणि बांधाआडच्या शेतातील खुरासणीचा. एक रानची, दुसरी पेरलेली. कूळ मात्र दोघींचे एकच, सूर्यफुलाचे. खुरासणीचे तेल या भागातील घरांत पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाते. उलट सोनकी ज्या सेनेसिओ प्रजातीत मोडते, तिच्यातील अनेक जाती यकृताला घातक ठरल्या आहेत. तेव्हा हा भेद केवळ हौसेचा राहत नाही.

फूल समोरून पाहिले तर फसगत होते. ते उलटे करून पाहावे. सोनकीच्या फुलाखाली अरुंद, सारख्या उंचीच्या हिरव्या छदांची एकच ओळ असते आणि तिच्या बुडाशी दोनचार बारीक छदे. खुरासणीच्या फुलाखाली बाहेरच्या बाजूस पानासारखी रुंद अशी सुमारे पाच छदे पसरलेली दिसतात. खुरासणीची पाने बहुतांशी समोरासमोर येतात, सोनकीची एकाआड एक. बी धरल्यावर तर शंकाच उरत नाही: खुरासणीचे बी काळे, चकचकीत आणि बोडके, सोनकीच्या बियांवर पांढऱ्या केसांचा झुपका. त्या पिकल्या केसांवरूनच लॅटिनमधील ‘वृद्ध’ या अर्थाच्या शब्दापासून ‘सेनेसिओ’ हे नाव पडले. रानभाजी म्हणून खुडला जाणारा कवलाही याच दिवसांत पिवळा फुलतो. परंतु त्याचे फूल वाटाण्याच्या फुलाच्या घडणीचे आणि पान चिंचेसारखे, म्हणून तो सहज वेगळा काढता येतो.

सोनक्यांतील आपसांतला भेद अधिक नाजूक आहे. पावसाळ्यात पठारे व्यापणारी ती सेनेसिओ बॉम्बेयेन्सिस. १८३९ साली मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची सिद्ध करणाऱ्या जॉन ग्रॅहम यांचे नाव पूर्वी तिला होते. ते नाव आधीच दुसऱ्या वनस्पतीस दिलेले असल्याने बदलावे लागले. सेनेसिओ एजवर्थी हिच्या पानांवर कापसासारखी पांढरट लव असते आणि पाऊस ओसरल्यावरही ती कातळाच्या फटींतून फुलत राहते. सेनेसिओ डाल्झेली ही तिसरी. तिचा निर्णय दुरून घेतलेल्या छायाचित्रावरून करणे धाडसाचे. देठाशी पान कसे जोडले आहे आणि बियांचे स्वरूप काय आहे, हे भिंगाखाली पाहावे लागते.

या प्रजातीतील विष म्हणजे पायरोलिझिडीन गटातील अल्कलॉइडे. ती पोटात गेल्यावर यकृतातच त्यांचे अधिक दाहक पदार्थांत रूपांतर होते, तेथील सूक्ष्म शिरा बुजतात आणि पोटात पाणी साठते. हीच द्रव्ये खुळखुळ्याच्या काही जातींतही असतात. त्यांचा दारुण अनुभव आपल्या देशाने घेतला आहे. त्या वेळच्या मध्य प्रदेशातील सरगुजा जिल्ह्यात ‘गोंदली’ या धान्यात रानटी खुळखुळ्याचे बी मिसळले गेले. १९७६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याची हकीकत आली. ६७ रुग्णांपैकी २८ दगावले. गोंदली म्हणजे पेठच्या उतारावर पिकणारी आपली वरई, जिची भगर उपवासाच्या ताटात येते.

येथे तारतम्य हवे. सोनकीचे बी हलके व पंखधारी. वाऱ्यावर उफणताना ते उडून जाण्याचा संभव अधिक. खुळखुळ्याचे बी भरीव, मूत्रपिंडाच्या आकाराचे. ते धान्याबरोबर सुपातच राहते. म्हणून वरईच्या शेतात निंदणी करताना शेंगा धरण्यापूर्वी खुळखुळा उपटणे अगत्याचे आहे.

सोनकीची काळजी गवतापुरती घ्यावी. युरोपातील तिच्या बहिणीविषयी गुराखी जाणतात, की ओली असताना कडवटपणामुळे जनावर तिला टाळते. पण वाळल्यावर कडवटपणा उतरतो आणि विष तसेच राहते. आश्विनात गवत कापताना पिवळी फुले अजून डोळ्यांना दिसत असतात. भारा बांधून वाळला, की गवताची काडी कोणती आणि सोनकीची कोणती, हे गाईलाही कळत नाही.