लवादाचा निवाडा आणि कोर्टाची स्थगिती

जळगांवहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आपल्या जामनेर तालुक्यांतील नेरी व पहूर या गांवांवरून जातो. अशा रस्त्यासाठीं जमीन गेली म्हणजे मोबदला प्रथम सक्षम प्राधिकारी ठरवितो. तो मान्य नसल्यास १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याप्रमाणें लवादाकडे जावें लागतें. हा लवाद म्हणजे खातेदारानें निवडलेला पंच नव्हे. त्यास केंद्र सरकार नेमतें, व तो बहुधा महसूल खात्यांतीलच वरिष्ठ अंमलदार असतो. माझी सारी नोकरी त्याच खात्यांत झाली, तरी ही व्यवस्था मला कधींच पटली नाहीं.

लवादानें रक्कम वाढविली म्हणजे आपले लोक पेढे वाटतात; परंतु खरी अडचण पुढेंच असते. १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ खालीं निवाडा रद्द करण्याचा अर्ज जिल्हा न्यायालयांत दाखल होतो. पूर्वीं नुसता अर्ज पडतांच अंमलबजावणी आपोआप थांबे. २०१५ च्या दुरुस्तीनें तें बंद झालें. आतां स्थगितीसाठीं निराळा अर्ज हवा, हुकुमांत कारणें लेखी हवींत, आणि निवाडा पैशाचा असल्यास रक्कम कोर्टांत भरण्याची अट न्यायाधीशांस घालतां येते. सरकार म्हणून यांत खास सवलत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं पश्चिम बंगाल सरकारच्या प्रकरणांत सांगितलें आहे.

तेव्हां स्थगितीच्या अर्जाची नोटीस आल्यावर स्वस्थ न बसतां, पूर्ण रक्कम कोर्टांत भरली जावी असा आग्रह वकिलामार्फत पहिल्याच तारखेस धरावा, व जामीन देऊन ती उचलण्याची परवानगी मागावी. सरकार कांहीं पळून जात नाहीं, असें पुष्कळजण म्हणतात. खरें आहे, पण पैसा अडकून पडतो तोंवर शेजारच्या रानाचा भाव चढत जातो, आणि गेलें तितकें रान पुन्हां हातीं येत नाहीं.

निवाडा कमी वाटल्यास खातेदारासही अर्ज करतां येतो. मुदत प्रत मिळाल्यापासून तीन महिने, सबळ कारणास्तव आणखी तीस दिवस. पुढें एक दिवसही नाहीं. प्रत ट्रंकेंत ठेवून वर्षानें विचारावयास येणारे खातेदार मीं पाहिले आहेत! शिवाय न्यायालय निवाडा रद्द करूं शकतें, रक्कम वाढवूं शकत नाहीं, असा निकाल २०२१ सालीं महामार्ग प्राधिकरणाच्याच प्रकरणांत झाला. ३० एप्रिल २०२५ रोजीं घटनापीठानें बहुमतानें दुरुस्तीची मुभा दिली खरी, पण ती फार मर्यादित आहे. म्हणून शेजारच्या खरेदीखतांच्या नकला, विहीर, पाइपलाइन व फळझाडें यांचा सर्व पुरावा लवादापुढेंच दाखल करावा, आणि त्याची पोंच घ्यावी.