माळावरचा न मोजलेला गुन्हा

गाईगुरें व मेंढ्या रानांतून हांकलून द्या, गवत मोकळें वाढूं द्या, म्हणजे पृथ्वीचा ताप आपोआप उतरेल, असें मत हल्लीं आमच्या सुशिक्षित मंडळींत मोठ्या आत्मविश्वासानें मांडलें जातें. तें अगदींच निराधार आहे असें नाहीं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटांत मिथेन वायु उत्पन्न होतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें २७ पट उष्णता कोंडतो. परंतु पोटाचा हिशेब म्हणजे कुरणाचा हिशेब नव्हे.

चीनमधील अंतर्मंगोलियाचा कोरडा गवताळ प्रदेश पाहा. तेथें दहा ठिकाणीं वर्षभर नायट्रस ऑक्साइड मोजण्यांत आला व त्याचा वृत्तांत २०१० सालीं ‘नेचर’मध्यें प्रसिद्ध झाला. हा वायु कार्बन डायॉक्साइडच्या २७३ पट जालीम. जेथें मेंढ्या चरत नव्हत्या तेथेंच तो सर्वांत अधिक निघाला! उंच गवत बर्फ अडवून धरतें. त्या दुलईखालीं माती ओली राहते, तींतील सूक्ष्म जंतूंची संख्याहि मोठी असते. आणि वसंतांत बर्फ वितळूं लागलें कीं वर्षाच्या वायूचा मोठा वाटा थोड्याच दिवसांत बाहेर पडतो. केवळ उन्हाळ्यांत मोजणारास हा प्रकार दिसावा कसा?

यावरून कळप वाढवावे असें मात्र कोणी म्हणूं नये. मेंढीच्या पोटांतला मिथेन त्यामुळें नाहींसा होत नाहीं. खुरांनीं दबलेली माती हवेंतील मिथेन कमी शोषते, आणि अतिचराईनें उघडी पडलेली जमीन आपल्या पोटांतला कार्बनहि गमावते. २०१३ सालीं अॅलन सेव्हरी यांनीं कळपांच्या बळावर हवामान पालटण्याचें आश्वासन एका गाजलेल्या व्याख्यानांत दिलें. तेंहि मला तितकेंच उतावीळ वाटतें.

आणि आमचा दख्खनचा माळ? येथें बर्फ नाहीं, तेव्हां मंगोलियाचा निकाल येथें जसाच्या तसा लागू करतां येणार नाहीं. परंतु उन्हाळाभर तापलेली माती पहिल्या पावसानें भिजतांच तींतूनहि वायूंचा लोट उठतो. तो चरलेल्या माळावर किती व राखलेल्या माळावर किती, हें कुंपण घालणारांनीं पावसांत उभें राहून आधीं मोजावें. तोंवर धनगराचा कळप अडवावयाचा असल्यास दुसरें कारण शोधावें; हवेचें निमित्त पुढें करूं नये.