तोलामोलाची जोड

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये अपराजित राहण्याचे दोन मार्ग आहेत. समोर येईल त्याला हरवायचं, नाहीतर जो हरवू शकेल त्याला समोर येऊच द्यायचं नाही. दुसऱ्या मार्गावर गर्दी फार. चार जागतिक संघटना, चार पट्टे, प्रत्येक पट्ट्यामागे वेगळा आयोजक आणि वेगळी वाहिनी. त्यामुळे एकाच वजनगटात चार जगज्जेते नांदतात आणि वर्षानुवर्षं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. त्यांची उमेदीची वर्षं अशीच निघून जातात आणि प्रेक्षकाच्या हाती काही लागत नाही.

म्हणून ३१ मार्च २०२५ला टोकिओत जे घडलं ते मला मोलाचं वाटतं. जपानी बॉक्सिंगच्या वार्षिक पुरस्कार समारंभात नाओया इनोउएने जुंतो नाकातानीला सगळ्यांदेखत आव्हान दिलं: वर्षभराने टोकिओ डोममध्ये आपण दोघं लढू. नाकातानीने ते तिथल्या तिथे स्वीकारलं आणि दोघांनी हात मिळवले. दोघंही तेव्हा अपराजित होते. मधल्या काळात एकाचाही पाय घसरला असता तर बेत फिसकटला असता. तो घसरला नाही. २७ डिसेंबर २०२५ला रियाधमध्ये एकाच रात्री, एकाच रिंगमध्ये दोघं आपापली लढत जिंकले. आज दोघांच्या नावापुढे ३२ लढती आणि ३२ विजय आहेत. येत्या मे महिन्यात टोकिओ डोममध्ये ही लढत घ्यायचा बेत आहे. आशियातल्या यंदाच्या विजेतेपदाच्या लढतींत माझं सगळं लक्ष हिच्याकडे लागलंय.

इनोउए ३२ वर्षांचा, कानागावातल्या झामा गावचा. वडील शिंगो हेच त्याचे प्रशिक्षक. उंची १६५ सेंटिमीटर. जपानमध्ये त्याला ‘मॉन्स्टर’ म्हणतात आणि आकडे पाहिले की नाव पटतं. सहाव्याच व्यावसायिक लढतीत पहिलं जागतिक विजेतेपद, चार वजनगटांत जगज्जेता, त्यातल्या दोन गटांत चारही पट्टे एकट्याच्या कमरेला. ३२पैकी २७ विजय नॉकआउटने. पण मला त्याची सर्वांत मोठी लढत वाटते ती ७ नोव्हेंबर २०१९ची, सायतामातली, फिलिपिन्सच्या नोनितो डोनेअरविरुद्धची. डोनेअरच्या ठोशाने त्याच्या उजव्या डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. समोरचा माणूस दोन-दोन दिसत असताना तो बाराही फेऱ्या लढला, अकराव्या फेरीत बरगड्यांखाली डावा ठोसा मारून त्याने डोनेअरला खाली बसवलं आणि गुणांवर जिंकला. योकोहामाच्या ओहाशी जिममध्ये दाखल होतानाच त्याने अट घातली होती की मला सोपे प्रतिस्पर्धी देऊ नका. ती अट आजवर पाळली गेली आहे.

या जिमचे प्रमुख हिदेयुकी ओहाशी यांची स्वतःची कथाही इथे आठवायला हवी. जागतिक विजेतेपदासाठी लढलेले सलग २१ जपानी हरले होते. ती साडेसाती ७ फेब्रुवारी १९९०ला कोराकुएन हॉलमध्ये ओहाशींनी संपवली. चारच दिवसांनी शेजारच्या टोकिओ डोममध्ये बस्टर डग्लसने माइक टायसनला लोळवलं आणि जगाच्या लक्षात तेवढंच राहिलं. त्यानंतर डोममध्ये पुन्हा बॉक्सिंग व्हायला ३४ वर्षं जावी लागली. ६ मे २०२४ला इनोउए तिथे मेक्सिकोच्या लुईस नेरीशी लढला तेव्हा सुमारे ४३ हजार लोक जमले होते. एकेकाळी टायसनसाठी उघडलेलं ते मैदान आता ५५ किलोच्या जपानी माणसासाठी भरतं.

नाकातानी २८ वर्षांचा, मिए प्रांतातला. डावखुरा, इनोउएपेक्षा सात-आठ सेंटिमीटर उंच, हात लांब. पंधराव्या वर्षी हायस्कूलची वाट सोडून तो बॉक्सिंग शिकायला लॉस एंजेलिसला रूडी हर्नांडेझकडे गेला. भाषा येत नसताना परक्या देशात जाऊन रोज मोठ्या मुलांचा मार खायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जिममध्ये उभं राहायचं. या पोराच्या शांतपणाचं मूळ मला तिथे दिसतं. मे २०२३मध्ये लास वेगासला अँड्र्यू मोलोनीविरुद्ध बाराव्या फेरीपर्यंत तो गुणांवर आरामात पुढे होता. बहुतेक जण अशा वेळी उरलेली मिनिटं पळून काढतात. त्याने डाव्या हाताचा एकच ठोसा असा घातला की मोलोनी पाठीवर आडवा झाला. फ्लायवेट, सुपर फ्लायवेट आणि बँटमवेट अशा तीन गटांत तो जगज्जेता झाला आहे.

आता दोघं समोरासमोर आले तर काय होईल?

पहिली गोष्ट पुढच्या पायाची. एक उजवा आणि एक डावखुरा उभे राहिले की दोघांचे पुढचे पाय एकमेकांना भिडतात. ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला पडतो, त्याच्या मागच्या हाताला समोरच्याच्या हनुवटीपर्यंत सरळ रस्ता मिळतो. नाकातानीचा डावा सरळ ठोसा याच रस्त्याने येतो, आणि दुरून येतो. लांबून वार करायचे आणि प्रतिस्पर्धी आत घुसला की त्याच डाव्या हाताने खालून अपरकट हाणायचा, ही त्याची रीत. इनोउएला डावखुऱ्यांचं नवल नाही. नेरी, टापालेस, डोहेनी, अखमदालिएव हे चौघेही डावखुरे होते आणि चौघेही हरले. पण उंची, पल्ला आणि ठोशातला जोर या तिन्ही गोष्टी एकत्र असलेला डावखुरा त्याला अजून भेटलेला नाही.

दुसरी गोष्ट पहिल्या दोन फेऱ्यांची. इनोउए आयुष्यात दोनदाच खाली पडला आहे. नेरीविरुद्ध पहिल्या फेरीत आणि मे २०२५मध्ये लास वेगासला रॅमोन कार्देनासविरुद्ध दुसऱ्या फेरीत. दोन्ही वेळा जवळच्या देवाणघेवाणीत, दोन्ही वेळा समोरच्याच्या डाव्या हुकने. नेरीच्या वेळी तो एका गुडघ्यावर टेकला, रेफरीची मोजणी ऐकत राहिला आणि आठ आकडे होईपर्यंत उठला नाही. याआधी कधीही न पडलेला माणूस घाईने उठून डुलत राहतो. हा मात्र मिळालेला प्रत्येक सेकंद वापरत होता. सहाव्या फेरीत त्याने नेरीला दोरांवर लोळवून लढत संपवली. तरी वाटतं, हाच डावा हात नाकातानीचा असता तर?

याचं उत्तर बहुधा इनोउएने स्वतःही शोधलं आहे. १४ सप्टेंबर २०२५ला नागोयात अखमदालिएवविरुद्ध वेगळाच इनोउए दिसला. उझबेकिस्तानचा हा ऑलिम्पिक कांस्यविजेता त्याचा सर्वांत अवघड प्रतिस्पर्धी मानला जात होता. इनोउए नॉकआउटच्या मागे लागला नाही. आत-बाहेर, आत-बाहेर, मारलं की बाजूला, असे बाराही राउंड त्याने पायांच्या जोरावर काढले आणि मोठ्या फरकाने गुणांवर जिंकला. ठोशांसाठी गाजलेला माणूस बुद्धीने लढताना पाहणं हा त्या रात्रीचा आनंद होता.

रियाधने नाकातानीबद्दल मात्र शंका निर्माण केली. सुपर बँटमवेटमधली, म्हणजे ५५.३ किलोच्या गटातली त्याची ती पहिलीच लढत. मेक्सिकोचा सेबास्टियन हर्नांडेझ ठोसे खात खात पुढे येत राहिला, नाकातानीचा डोळा सुजवला आणि शेवटच्या फेऱ्यांत त्याला मागे रेटलं. दोन पंचांनी नाकातानीला ११५-११३ इतकाच निसटता विजय दिला. तिसऱ्याने ११८-११० दिले, ते मला पटले नाहीत. खालच्या गटांत ज्या ठोशांनी माणसं झोपत होती ती इथे उभी राहतात, हे त्याला त्या रात्री कळलं असेल. पण अशी परीक्षा इनोउएआधी झाली हे त्याच्या पथ्यावरच पडेल.

कोल्हापूर-सांगलीच्या कुस्तीच्या मैदानांत शेवटची जोड तोलामोलाची नसेल तर लोक दुपारीच उठून घरी जातात. बॉक्सिंगच्या आयोजकांनी हे ध्यानात ठेवावं. जपानने ते ठेवलेलं दिसतं. मे २०२४मध्ये बँटमवेटचे चारही पट्टे जपान्यांकडे होते आणि ते आपसांत लढले. जून २०२५मध्ये नाकातानीने र्योसुके निशिदाचा पट्टा जिंकला. तो गट सोडून तो वर गेल्यावर त्याच्या रिकाम्या पट्ट्यासाठी नोव्हेंबरमध्ये इनोउएचा धाकटा भाऊ ताकुमा आणि किकबॉक्सिंगमधून आलेला तेनशिन नासुकावा लढले. नासुकावाचं वलय मोठं, पण बॉक्सिंग ताकुमाला जास्त येत होतं आणि तोच जिंकला. फिलिपिन्समध्येही मेल्विन जेरुसालेम आणि पेद्रो तादुरान यांच्याकडे सर्वांत हलक्या गटाचे पट्टे आहेत. त्यांची आपसातली लढत मला पाहायला आवडेल.

या उत्साहात एक गोष्ट विसरता येत नाही. २ ऑगस्ट २०२५ला कोराकुएन हॉलमध्ये, एकाच कार्यक्रमात, शिगेतोशी कोतारी आणि हिरोमासा उराकावा हे दोघं वेगवेगळ्या लढतींत जखमी झाले. दोघांच्याही मेंदूत रक्तस्राव झाला, शस्त्रक्रिया झाल्या आणि आठवडाभरात दोघंही गेले. दोघंही २८ वर्षांचे. नाकातानीच्याच वयाचे. त्यानंतर आशियाई पातळीवरच्या ओपीबीएफ विजेतेपदाच्या लढती १२ऐवजी १० फेऱ्यांच्या केल्या गेल्या. योग्यच केलं. पण जागतिक लढती अजून १२ फेऱ्यांच्याच आहेत आणि वजन मापण्याआधी अंगातलं पाणी काढण्याची जीवघेणी पद्धतही चालूच आहे. टोकिओ डोममध्ये हे दोघं एकमेकांना सोडणार नाहीत, म्हणून तिथे रेफरी आणि दोघांचे कोपरे डोळ्यांत तेल घालून उभे असायला हवेत. टॉवेल एक फेरी आधी फेकला म्हणून कुणाची अब्रू जात नाही.

माझा कौल इनोउएला, गुणांवर, आणि फरक तीन फेऱ्यांपेक्षा जास्त नसेल. नागोयातली पावलं त्याने पुन्हा टाकली तर नाकातानीला त्याचं अंतर सापडणार नाही. रागाच्या भरात तो जवळच्या देवाणघेवाणीत उतरला तर मात्र माझा अंदाज चुकेल. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, त्यामुळे तिथली रात्रीची मुख्य लढत आपल्याकडे साधारण संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते. जागरण करावं लागणार नाही. पहिल्या दोन फेऱ्यांत हातांकडे पाहू नका, पुढचा पाय कुणाचा बाहेर पडतोय तेवढं पाहा.