वृद्धाश्रमाची पारख : घुग्घुसच्या निमित्ताने

घुग्घुस हे कष्टकऱ्यांचे गाव. वर्धा नदीच्या परिसरातील या गावाला कोळशाच्या खाणींनी, सिमेंटच्या कारखान्याने आणि लोहउद्योगाने रोजगार दिला. तेलंगणा, आंध्र, छत्तीसगड, बिहार, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येथे आली, खाणीत राबली आणि येथलीच झाली. त्या पिढीने आता साठी ओलांडली आहे. खाणीतील नोकरी ६०व्या वर्षी संपते आणि तिच्यामागोमाग कंपनीचे क्वार्टरही सोडावे लागते. मुले पुणे, नागपूर, हैदराबाद येथे नोकरीला. मूळ गाव परके झालेले आणि मुलांचे शहरातील घर अपुरे. अशा वेळी कुटुंबात, प्रथम दबक्या आवाजात, वृद्धाश्रमाचा विषय निघतो.

या विषयावर आपल्या समाजात दोन टोकांची मते ऐकू येतात. आईवडिलांना आश्रमात ठेवणे म्हणजे पाप, असे काहींना वाटते. तर दरमहा पैसे भरले की कर्तव्य संपले, असे इतर काही मानतात. आम्हांस दोन्ही मते अपुरी वाटतात. चौथी आज्ञा आईवडिलांचा मान राखण्यास सांगते. तो मान घरात राखला जात नसेल आणि आश्रमात राखला जात असेल, तर दोष कोठे आहे हे उघड आहे. मात्र आश्रम निवडताना त्याची पारख करणे हाही त्या आज्ञेच्या पालनाचाच भाग होय.

ही पारख शासन करील, अशी अपेक्षा बाळगण्यास फारसा आधार नाही. राज्य शासनाने १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू केली. पुढे २००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा केला. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा एक आश्रम अभिप्रेत आहे. परंतु कलमातील शब्द राज्यांनी तो 'स्थापन करावा' असा सक्तीचा नसून 'स्थापन करता येईल' असा ऐच्छिक आहे. आश्रमांची नोंदणी व किमान दर्जा बंधनकारक करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. मात्र ते संमत झाले नाही आणि २०२४ साली १७वी लोकसभा विसर्जित होताच बारगळले. तात्पर्य, आश्रमाची तपासणी करणारा खरा निरीक्षक कुटुंबच आहे. त्याने काय पाहावे?

पहिली कसोटी जागेची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर क्षेत्र ८३.८८ गुणांसह चौथे होते आणि त्यात घुग्घुसचाही समावेश होता. वर्षानुवर्षे कोळशाची धूळ श्वासात घेतलेल्या माणसाला वार्धक्यात तरी मोकळी हवा मिळावयास हवी. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात जमीन खचून एक घर भूगर्भात गेले, हेही विसरून चालणार नाही. शिवाय चंद्रपूरचा मे महिना! पारा ४७ अंशांवर जातो, तेव्हा खोलीवर पत्रा आहे की स्लॅब, कूलर चालतो की नाही आणि वीज गेल्यास काय, हे प्रश्न जिवावरचे ठरतात. म्हणून आश्रम पाहावयाचा तो डिसेंबरात नव्हे, मे महिन्यातील दुपारी पाहावा.

दुसरी कसोटी बांधकामाची. महारेराने २०२४ साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्यांत चाकाची खुर्ची जाईल असे ९०० मिलीमीटर रुंदीचे दरवाजे, तशीच लिफ्ट, आधाराचे कठडे यांचा समावेश आहे. ही तत्त्वे घरे विकणाऱ्या बिल्डरांसाठी आहेत, धर्मादाय आश्रमांसाठी नव्हेत. तरीही मोजपट्टी म्हणून ती कोणालाही वापरता येतात. न्हाणीघराची फरशी घसरडी आहे काय, एवढे पाहिले तरी बरेच कळते.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची : माणसे. दिवसा कार्यालयात कितीजण बसतात, यापेक्षा रात्री दोन वाजता हाक मारल्यास कोण येते, हे विचारावे. वृद्ध अंथरुणाला खिळला किंवा त्याला विस्मृतीचा आजार जडला, तर आश्रम त्याला ठेवून घेतो की 'घेऊन जा' असा निरोप धाडतो, हे आधीच लेखी घ्यावे. अनेक संस्था चालत्या-फिरत्या वृद्धालाच प्रवेश देतात. खरी गरज मात्र त्यानंतर सुरू होते. जवळचे इस्पितळ कोणते आणि तेथे नेण्यास वाहन आहे काय, हेही पाहावे. २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकास, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण उपलब्ध आहे. आश्रम ते कार्ड काढून देण्यास साहाय्य करतो काय, यावरूनही त्याची आस्था कळते.

चौथी कसोटी भाषेची व सहवासाची. घुग्घुसमधील कित्येक वृद्ध मनातले बोलतात ते तेलुगूत किंवा छत्तीसगढीत. त्यांची भाषा जाणणारे कोणीच नसेल, तर भरल्या आश्रमातही ते एकटे पडतील. आपल्याच जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी उभारलेल्या आनंदवनात ज्येष्ठांसाठी 'उत्तरायण' आहे. शाळा, शेती व कार्यशाळा यांनी गजबजलेल्या वसाहतीतच वृद्धांचीही वस्ती असणे, यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ख्रिस्तसभेतही हा वारसा जुना आहे. संत जान ज्युगां हिने १८३९ साली फ्रान्समध्ये एका अंध वृद्धेला स्वतःचे अंथरूण दिले, त्यातून 'लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर' हा धर्मभगिनींचा संघ उदयास आला. मुंबईत अंधेरी येथेही त्यांचे वृद्धसेवेचे कार्य आहे. निर्धन वृद्धाला अखेरच्या श्वासापर्यंत सोबत, हा त्यांचा दंडक.

पाचवी कसोटी कागदपत्रांची. संस्थेची नोंदणी, जमाखर्च, अनामत रक्कम परत मिळण्याची अट आणि तक्रारवही मागून पाहावी. घर मुलाच्या वा संस्थेच्या नावे करून देणाऱ्याने सांभाळाची अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहावी. तशी अट असेल व ती मोडली गेली, तर २००७ च्या कायद्याचे कलम २३ ज्येष्ठाच्या मदतीस येते. निर्वाहासाठी उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइनही विनामूल्य आहे.

या सर्व कसोट्यांआधी एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो आणि तो ज्याला जावयाचे आहे त्या वृद्धाला. त्याची संमती आहे काय? एक महिना राहून पाहावे, न मानवल्यास परत यावे, ही मोकळीक त्याला असलीच पाहिजे.

धर्मग्रामांनीही यात वाटा उचलावा. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व ज्येष्ठांसाठी राखला. त्या दिवशी पुष्पगुच्छ देऊन थांबू नये. प्रत्येक धर्मग्रामातील दोघांनी दरमहा, न कळविता, जवळच्या आश्रमास भेट द्यावी. जेवणाच्या वेळी जावे, वृद्धांशेजारी बसून जेवावे. ज्या आश्रमात पाहुणे वरचेवर आणि अवचित येतात, तेथे हेळसांड लपून राहणे कठीण. खाणीने ज्यांची उमेद घेतली, त्यांच्यासाठी महिन्यातील एक दुपार काढणे आपणांस जड जाऊ नये.