पदवीची मजुरी

जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या गावात एखाद्या शेतमजुराने वयाच्या पस्तिशीत पदवीचा अभ्यास आरंभला, तर तो काय मिळवतो आणि काय गमावतो, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

मिळते ते मोलाचे आहे. हजेरीपटावरील आकडा, सातबाऱ्यावरील नोंद, कायद्याचे कलम त्याला स्वतः वाचता येते. साहेबापुढे मान वर राहते. हे ओळखूनच डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत काढलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग नोकरदारांच्या सोयीसाठी सकाळी भरत. पुढे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने शाळा सुटलेल्या प्रौढांनाही पदवीचे दार उघडले.

परंतु परीक्षेच्या दिवसांचा रोज बुडतो, आणि त्याहून मोठे नुकसान पुढेच असते. पदवीधराला खुरपे धरण्याची लाज वाटू लागते, घरची बोली अशुद्ध वाटते; नोकरी मात्र दूरच राहते. पारावरचे सोबती त्याला 'साहेब' म्हणतात, त्यात कौतुकापेक्षा दुरावाच अधिक असतो.

हा दोष शिक्षणाचा नव्हे. श्रमाला हीन लेखणाऱ्या समाजात पदवी म्हणजे आपल्या वर्गातून एकट्याने निसटण्याची वाट ठरते. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून मजुराचा कामाचा हक्क मान्य केला. त्याच्या शिकण्याच्या हक्काचे काय? परीक्षाकाळातील बुडीत मजुरी भरून मिळालीच पाहिजे, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी. आणि शिकलेल्या मजुराला सत्काराचा हार घालून मोकळे न होता, गावाचा हजेरीपट तपासण्याचे काम त्याच्या हाती द्यावे.