अर्ध्या कुपीचा हिशेब

मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात रुग्णाच्याच मूलपेशी काढून ठेवतात, मेल्फलान या कर्करोगाच्या औषधाचा जबर डोस देतात आणि मग त्या पेशी परत चढवतात. प्रत्यारोपणाचा खर्च म्हटला की नातेवाइकांना दिसतो तो स्वतंत्र खोलीचा आणि लांबलेल्या मुक्कामाचा. पण पैशाला पाय फुटतात ते त्याआधी, पेशी गोळा करतानाच. यातला बराच खर्च टाळता येण्यासारखा आहे.

चार दिवस जी-सीएसएफची इंजेक्शने देऊन मूलपेशी मज्जेतून रक्तात उतरवायच्या आणि पाचव्या दिवशी अफेरेसिस यंत्रावर वेचायच्या, हा नेहमीचा क्रम. रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे निदान २० लाख सीडी-३४ पेशी, म्हणजे या मूलपेशी, लागतात. काहींच्या तेवढ्या निघत नाहीत. मग पुन्हा यंत्र, पुन्हा नवा संच, पुन्हा बिल. अशांसाठी प्लेरिक्झाफॉर हे मूलपेशी रक्तात उतरवणारे औषध आहे. अमेरिकेत त्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली, २०२३ मध्ये तिथे जेनेरिक आले आणि भारतीय कंपन्याही ते बनवतात. तरीही सामान्य कुटुंबाला ते जडच जाते.

त्याचा डोस किलोमागे ०.२४ मिलिग्रॅम, प्रचलित कुपी मात्र २४ मिलिग्रॅमची, म्हणजे शंभर किलोच्या माणसाला पुरणारी. पन्नास किलोच्या रुग्णाला १२ मिलिग्रॅम पुरते. कुपी एकदाच वापरायची असल्याने उरलेले अर्धे औषध टाकून दिले जाते. पैसे मात्र पूर्ण कुपीचे भरावे लागतात. कर्ज काढून उपचार करणाऱ्यांच्या बाबतीत हे चालू राहणे अन्यायाचे आहे.

उपाय साधे आहेत. चौथ्या दिवशी रक्तातल्या सीडी-३४ पेशी मोजाव्यात आणि ज्यांचा आकडा कमी आहे त्यांनाच हे औषध द्यावे. दोन रुग्णांचे संकलन एकाच दिवशी ठेवावे. रुग्णालयाच्या औषध विभागाने निर्जंतुक पद्धतीने एका कुपीतून दोन डोस भरावेत. मेल्फलान शरीरातून लवकर बाहेर पडते, त्यामुळे पेशी गोठवण्याचा खर्च टाळून त्या चार अंश सेल्सिअसला काही दिवस ठेवूनही प्रत्यारोपण करता येते. भारतातल्या आणि मेक्सिकोतल्या केंद्रांनी ते करून दाखवले आहे.

पण सगळा भार डॉक्टरांच्या काटकसरीवर टाकून चालणार नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने सामूहिक खरेदीतून कर्करोगाच्या औषधांच्या किमती खाली आणल्या आहेत. त्याच ताकदीने कंपन्यांकडे १२ मिलिग्रॅमच्या कुपीची मागणी व्हावी. सरकारी आरोग्य योजनांनीही पेशींची मोजणी आणि हे औषध प्रत्यारोपणाच्या पॅकेजमध्ये स्पष्ट शब्दांत धरावे. पेशी गोळा झाल्याच नाहीत, तर पुढच्या उपचारासाठी मंजूर झालेला निधी त्या रुग्णाच्या काहीच कामाचा नाही.